मैफल आणि मैदान

ख्यालगायन लहान जागेत अधिक रंगते की हजारो श्रोत्यांच्या विस्तीर्ण मंडपात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ आवडीनिवडीचा वाटतो. परंतु ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव, पणजी, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी संस्थांच्या चालकांना तो दरवर्षी जमाखर्चाच्या वहीसह पुढे घेऊन बसावे लागते. वर्षाकाठी गाण्यासाठी बाजूला काढता येईल असे द्रव्य थोडेच असते. ते एका रात्रीच्या मंडपावर, ध्वनिक्षेपकांवर आणि एखाद्या नामांकित गवयाच्या बिदागीवर खर्चावे, की तेवढ्यात पाचसहा लहान बैठकी कराव्या? बहुधा कौल मोठ्या कार्यक्रमाकडे पडतो. श्रोत्यांची संख्या अहवालात लिहिता येते. गाणे किती पोचले ते लिहिता येत नाही. आम्हांस हा कौल सर्वस्वी मान्य नाही, आणि त्याची कारणे नुसती भावनेची नसून बरीचशी मोजून दाखविता येण्यासारखी आहेत.

आरंभीच एक मर्यादा घालून घेतली पाहिजे. प्रत्येक संगीतप्रकाराला आपापली जागा असते आणि मैदान हे संगीताला मुळातच परके आहे, असे आम्ही म्हणत नाही. शाहिराचा पोवाडा उघड्यावरच उभा राहिला. बडोद्याचा नवरात्रातील गरबा दिवाणखान्यात कोंडला तर तो गरबाच राहणार नाही. तेथे फेर धरणारा समुदाय हाच मुख्य, गाणारा त्याचा सेवक. पाश्चात्त्यांच्या लोकप्रिय संगीताचेही असेच झाले आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स मंडळींनी सुमारे पंचावन्न हजार लोकांपुढे गाइले, तेव्हा श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांचे गाणे त्यांना स्वतःलाही धड ऐकू येईना. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, त्यांनी दौरे बंद केले. पण ते बंद झाले म्हणून तो प्रकार संपला नाही. यंत्रे सुधारली, आणि २०२५ च्या जानेवारीत अहमदाबादच्या क्रीडांगणावर कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदापुढे एकेका रात्री लाखाहून अधिक लोक जमले. त्यांची फसवणूक झाली असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. त्यांना ती गाणी पाठ होती; लाखभर कंठांनी एक ओळ म्हणण्याचा अनुभव घेण्यासाठीच ते आले होते आणि तो त्यांना मिळाला.

ख्यालाची गोष्ट वेगळी आहे, ती येथेच. बंदिश श्रोत्याला पाठ असेल, राग ओळखीचा असेल, परंतु पुढच्या आवर्तनात गवई काय करणार हे कोणालाच ठाऊक नसते. पुष्कळदा त्यालाही नसते. जे घडावयाचे ते समोर बसलेल्या माणसांच्या साक्षीने, त्याच क्षणी घडते. म्हणून येथे जागेचा प्रश्न केवळ सोयीचा उरत नाही. गाणे कसे घडेल यावरच त्याचा परिणाम होतो.

लहान बैठकीची तरफदारी करताना तिच्याविषयी हळवे होण्याचा मोह आवरला पाहिजे. आपल्या या गावांचे सांगीतिक वैभव ज्या बैठकींनी उभारले त्या बहुतेक दरबारी होत्या. ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या आश्रयाने हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची गायकी बहरली. बडोद्यास गायकवाडांच्या पदरी फैयाजखाँ होते. पण त्या दिवाणखान्यात कोण बसत असे? सरदार, मानकरी, त्यांचे पाहुणे आणि काही जाणकार. शाळामास्तराला किंवा कारकुनाला तेथे निमंत्रण येत नसे, आणि घरच्या स्त्रियांनी ऐकलेच तर चिकाच्या पडद्याआडून. ग्वाल्हेरीस शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात आणला आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी तो तिकिटे लावून जाहीर सभांत मांडला. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून त्याचे दार सर्वांसाठी उघडले. १९१६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यास भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. दोघांचे मार्ग भिन्न, स्वभाव तर त्याहून भिन्न. पण गाणे वाड्याबाहेर काढले पाहिजे, यावर दोघांचे एकमत होते. आज आपल्यासारख्यांना ऐकावयास मिळते ते या बाहेर काढण्यामुळे. तेव्हा लहान जागा म्हणजे निवडक लोकांची जागा, असा अर्थ कोणी घेऊ लागला तर आम्ही मैदानाच्या बाजूने उभे राहू.

आता ध्वनीकडे वळू. उघड्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. तंबोऱ्यापासून दोन मीटरांवर बसलेल्या श्रोत्याच्या तुलनेने चौसष्ट मीटरांवरील श्रोत्याचे अंतर बत्तीसपट, म्हणजे त्याच्या वाट्याचा ध्वनी सहस्रांशाहूनही कमी. भिंतींचा आधार नसेल तर तंबोरा त्याच्यापुरता वाजतच नाही. हे कमीजास्त आवाजाचे प्रकरण आहे असे समजून आपण ध्वनिक्षेपक लावतो आणि निश्चिंत होतो; पण अडचण तेवढ्यावर संपत नाही.

ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हा वेग मोठा वाटतो, परंतु गाण्याच्या हिशेबात तो मंदच आहे. द्रुत तीनताल मिनिटाला तीनशे मात्रांच्या लयीत चालला असेल तर एक मात्रा म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, आणि तेवढ्या वेळात ध्वनी जेमतेम अडुसष्ट मीटर चालतो. मंडपाच्या त्या टोकाला बसलेल्या श्रोत्यापर्यंत सम पोचते तेव्हा गवई पुढच्या मात्रेवर असतो. दुरून पाहणाऱ्याला तबलजीचा हात पडलेला आधी दिसतो आणि बोल मागाहून ऐकू येतो. त्यात मंडपाच्या मध्यावर आणखी ध्वनिक्षेपक बसविले, तर तारेतून येणारा आवाज तत्काळ निघतो आणि व्यासपीठाकडचा आवाज रेंगाळत मागून येतो. एकच तान दोनदा ऐकू येते. यावर उपाय आहे: मधल्या ध्वनिक्षेपकांना तितकाच विलंब लावून देतात. परदेशी मोठ्या जलशांतून हे गेली पन्नास वर्षे चालू आहे. आपल्याकडे भाड्याने येणारा ध्वनिव्यवस्थापक ते दर वेळी करतोच असे नाही, आणि संस्थेच्या चालकांनी त्याला विचारलेले आम्ही क्वचितच पाहिले आहे.

बंदिस्त मोठ्या जागेची व्यथा निराळी. तेथे भिंतींवरून, छतावरून ध्वनी परत येतो. हा परतलेला ध्वनी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत आला तर कान त्याला मूळ ध्वनीत मिसळून घेतो आणि आवाज भरदार वाटतो. त्याहून उशिरा, म्हणजे सुमारे सतरा मीटरांहून अधिक फेरा घेऊन, तो ठसठशीतपणे परतला तर प्रतिध्वनी म्हणून वेगळा कळू लागतो. लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ साली उघडले तेव्हापासून त्याच्या प्रचंड घुमटाचा प्रतिध्वनी कुप्रसिद्ध होता. आपली रचना दोनदा ऐकण्याची खात्री ब्रिटिश संगीतकाराला याच एका ठिकाणी असते, असा विनोद तेथे रूढ झाला. शेवटी १९६९ मध्ये छताखाली भूछत्रांसारख्या तबकड्या टांगून तो दोष बराचसा आवरावा लागला.

घुमण्याचे शास्त्र प्रथम रचले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने. १८९५ च्या सुमारास एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात, आणि त्याचे कारण शोधण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, त्या थोड्याथोड्या वाढवीत ठेवल्या, आणि ऑर्गनच्या नळीचा स्वर थांबल्यावर तो विरून जाण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागत. गाद्या वाढल्या तशी गुंज घटत गेली. माणसे बसली तरी तेच. जागेचे घनफळ जितके अधिक तितकी गुंज लांबते आणि ध्वनी शोषणारे पदार्थ जितके अधिक तितकी ती आखुडते, हा त्याचा नियम आजही नाट्यगृहे बांधताना वापरतात.

हे वाचताना आम्हांस आपला जुना दिवाणखाना आठवल्यावाचून राहात नाही. जाजम, गालिचे, गाद्या, लोड, तक्के, दारांना पडदे, आणि दाटीने बसलेली माणसे! सॅबाइनच्या साऱ्या गाद्या तेथे आधीपासूनच होत्या. अशा खोलीत गुंज अतिशय अल्प. सेकंदाला आठ स्वरांची तान घेतली तरी प्रत्येक स्वर सुटा, दाणेदार ऐकू यावा, अशी ही जागा. तीच तान दोन सेकंद घुमणाऱ्या दगडी सभामंडपात घ्या. पहिला स्वर पुरता विरण्यापूर्वी पुढचे पंधरा स्वर त्याच्यावर येऊन पडतील. गोव्याच्या देवळांतून ज्यांनी ऐकले आहे त्यांना ठाऊक असेल की, संथ आलाप तेथे देवाच्या गाभाऱ्यासारखा गंभीर होतो आणि द्रुत अंग मात्र गढूळते. कण, खटका, मुरकी, बोलतानेतील व्यंजने हे ख्यालाचे अलंकार कोरड्या, जवळच्या जागेत वाढलेले आहेत, असे मानण्यास आम्हांस यात आधार दिसतो. खोली जी गुंज देत नाही ती तंबोरा पुरवितो, आणि तीही सुरात लावलेली.

याचा सर्वांत चांगला पडताळा दरबारी कानड्यात येतो. त्या रागाचा प्राण कोमल गंधाराच्या आंदोलनात आहे. ते आंदोलन काही श्रुतींच्या आतबाहेर, संथपणे, पुष्कळदा मंद्र सप्तकात होते. जवळ बसलेल्याला तो गंधार हलताना जणू दिसतो. ध्वनिक्षेपकांचा आवाज चढवून, मंद्र स्वर फुगवून तोच गंधार मैदानभर पसरला म्हणजे ऐकू येतो तो एक जाड, घुमणारा स्वर. राग ओळखता येतो; दरबारी मात्र भेटत नाही.

इतके लिहिल्यावर ध्वनिग्राहक हाच सारा अनर्थाचे मूळ, असा निष्कर्ष काढणारे जुने रसिक आपल्या प्रत्येक गावी भेटतील. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. ध्वनिग्राहक नव्हता तेव्हा मोठ्या जागेत गाणाऱ्याला काय करावे लागत होते? संगीत नाटकांच्या काळात खच्चून भरलेल्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचविण्यासाठी चढा स्वर आणि फेकीचा, खुला आवाज अटळ होता. त्यातून थोर गाणे निपजले हे खरे. परंतु हळू बोलणाऱ्या आवाजाला तेथे स्थान नव्हते. इंदूरच्या अमीरखाँसाहेबांचे गाणे पाहा. झूमऱ्याचे चौदा मात्रांचे एक आवर्तन सुमारे मिनिटभर चालावे, मंद्रातील स्वर जणू स्वतःशीच उच्चारल्यासारखा यावा, असे ते अंतर्मुख गायन. ध्वनिग्राहकावाचून ते पाचपन्नास माणसांपलीकडे गेले नसते. त्या उपकरणाने त्यांना ओरडण्यास लावले नाही. उलट न ओरडता आठशे लोकांशी बोलण्याची मुभा दिली. दोष उपकरणाचा नाही. या उपकरणाच्या जोरावर आठशेंचे आठ हजार करता येतील, या हव्यासात तो आहे.

कारण आठ हजारांपर्यंत गवयाचा आवाज कसाबसा पोचविता येईल; त्यांचे उत्तर गवयापर्यंत कोणत्याच यंत्राने येत नाही. बैठकीत दाद म्हणजे टाळी नव्हे. कोणाची मान किंचित हलते, कोणी श्वास रोखतो, समेवर एखादा हात आपोआप मांडीवर पडतो, जाणत्याच्या तोंडून अर्धाच ‘वा’ निघतो. गवई हे सारे पाहतो आणि त्यावरून ठरवितो की, ही जागा आणखी एकदा घ्यावी की सोडून पुढे जावे. सुमारे वीस मीटरांपलीकडे चेहऱ्यावरील असे बारीक भाव दिसेनासे होतात. त्यातून मोठ्या कार्यक्रमांत प्रखर दिवे व्यासपीठावर आणि श्रोते अंधारात. गवयाच्या पुढे एक काळी पोकळी असते. तिच्यातून त्याला एकच गोष्ट ऐकू येते, ती म्हणजे टाळ्यांचा कडकडाट. आणि कडकडाट कशाला होतो? सपाट तानेला, तबलजीबरोबरच्या सवालजबाबाला, सतारीच्या झाल्याला, लांबविलेल्या षड्जाला. माणूसच तो, जे उत्तर ऐकू येते त्याच्याशी तो बोलणार. विलंबित आखडते, द्रुत लवकर सुरू होते, आणि तासाभराच्या ठरलेल्या वेळेत तीन ‘गाजलेल्या’ चिजा उरकल्या जातात. यात कलावंताला दूषण देण्यात अर्थ नाही. ज्याने त्याला त्या पोकळीपुढे बसविले, त्या संस्थेने आपली जबाबदारी ओळखावी.

मोठ्या महोत्सवांचे ऋण मात्र मान्य केलेच पाहिजे. १९५२ साली सवाई गंधर्व निवर्तले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यास जो महोत्सव सुरू केला, त्याने भारतीय बैठकीच्या स्वस्त तिकिटावर विद्यार्थी, शिक्षक, कारकून अशा हजारोंना थोर कलावंत ऐकविले. रमणबाग शाळेच्या पटांगणावर ज्यांनी पहिल्यांदा ख्याल ऐकला असे कितीतरी रसिक आज आपल्याही संस्थांत आहेत. ग्वाल्हेरीस तानसेनाच्या समाधीजवळ डिसेंबरात भरणारा समारोह गावाचा सण आहे. नवा श्रोता बहुधा अशाच ठिकाणी जन्मतो. लहान बैठकीच्या दारात तो बिचकतो, कारण तेथे सर्व जण एकमेकांना ओळखत असतात आणि त्याला कोणी ओळखत नसते. तथापि त्याच सवाई गंधर्वांची घडण कशी झाली तेही विसरून चालणार नाही. धारवाडजवळच्या कुंदगोळास, नाडगीरांच्या वाड्याच्या आसऱ्याने अब्दुल करीमखाँ राहात, आणि समोरासमोर बसून त्यांनी जी तालीम दिली तिच्यातून रामभाऊ कुंदगोळकरांचे सवाई गंधर्व झाले. पुण्याच्या पटांगणावर जे हजारोंनी ऐकले, ते त्या गावी काही थोड्या माणसांसमोर पिकलेले होते. मैदान पीक वाटू शकते. पेरणी तेथे होत नाही.

आणखी एक गोष्ट घडली आहे, तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. राज्य सरकारांना वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, इतकेच. शेजारच्या आजाऱ्याच्या आणि परीक्षार्थ्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, रात्रभर चालणारे खुले महोत्सव संपले आणि त्यांच्याबरोबर उत्तररात्रीचे राग मैदानातून गेले. दरबारी, अडाणा, सोहनी, परज आणि पहाटेचा ललित यांना त्यांच्या वेळी ऐकण्याची सोय तेथे उरली नाही. दरबारी ऐकलाच तर घाईने, दहाच्या ठोक्याआधी. बंदिस्त सभागृहाच्या आत मात्र या नियमाची आडकाठी नाही, आणि ध्वनिक्षेपकावाचून होणाऱ्या घरच्या बैठकीला तर नाहीच नाही. रागाच्या प्रहराचे पावित्र्य कोणी मानो वा न मानो, रात्री दोन वाजता थकलेल्या, निवलेल्या श्रोत्यांपुढे गाणे ज्या संथपणे उलगडते तो संथपणा सायंकाळी सात वाजता आणता येत नाही, हे ज्यांनी दोन्ही ऐकले आहे ते सांगतील. हा सारा ठेवा आता लहान जागेच्याच हाती आहे.

मग लहान म्हणजे किती लहान? येथे आमची सूचना पुष्कळांना उदार वाटेल. वर सांगितलेले वीस मीटरांचे अंतर हेच माप धरावे. गवयाला मध्यभागी धरून वीस मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ काढले तर सुमारे सव्वासहाशे चौरस मीटर जागा होते. येण्याजाण्याची वाट सोडून माणशी पाऊण चौरस मीटर दिली तरी आठशे श्रोते सुखाने बसतात. आठशे ही संख्या आपल्यापैकी बहुतेक संस्थांच्या सभासदसूचीहून मोठी असेल. पणजीच्या कला अकादमीचे दीनानाथ मंगेशकर कलामंदिर याच सुमाराचे, साडेनऊशे आसनांच्या आसपासचे आहे. (चार्ल्स कोरियांनी तेथे भिंतींवर मारिओ मिरांडांच्या कुंचल्यातील प्रेक्षक बसविले आहेत. कार्यक्रम कसाही होवो, ते उठून जात नाहीत.) म्हणजे वाद वीस माणसांची खोली विरुद्ध वीस हजारांचे क्रीडांगण असा नाहीच. त्या दोहोंच्या मध्ये मोठा पट्टा आहे, आणि ख्यालाचे खरे घर त्या पट्ट्यात आहे.

ज्यांना त्या मापात बसणारे सभागृह मिळत नाही त्यांनी शाळेच्या मोठ्या वर्गातही चांगली बैठक करावी. खुर्च्या काढून सतरंज्या घालाव्या. उघड्या भिंतींवर जाड पडदे सोडावे. लांबट दालन असेल तर गवयाला अरुंद टोकाला न बसविता लांब भिंतीच्या मध्याशी बसवावे, म्हणजे शेवटची रांग निम्म्याने जवळ येते. श्रोत्यांवरचे दिवे मालवू नयेत. शंभराच्या आत माणसे असतील तर ध्वनिग्राहक ठेवूच नये. अधिक असतील तर गवयाच्या आधी तंबोऱ्याच्या आवाजाची व्यवस्था लावून घ्यावी आणि शेवटच्या रांगेत बसून जवारी ऐकू येते की नाही हे चालकांपैकी कोणीतरी स्वतः पाहावे. नव्या श्रोत्यांसाठी पुढच्या सतरंजीवरील काही जागा राखून ठेवाव्या, आणि कार्यक्रमाची वेळ तरी एकदा रात्री दहानंतरची ठेवून पाहावी.